बालकांचा खाण्यातील चोखंदळपणा

ओळखीचे मोजकेच पदार्थ खाणे, अनोळखी पदार्थ चव न घेताच नाकारणे आणि काल आवडीने खाल्लेला पदार्थ आज दूर सारणे, अशी साधारणतः २ ते ६ वर्षे वयात ठळकपणे दिसणारी वर्तनप्रवृत्ती. तिच्यात दोन घटक मानतात. अनोळखी अन्नाची भीती बहुधा पदार्थ पाहताक्षणीच प्रकट होते; ओळखीच्या अन्नातील पोत, वास वा मिश्रणाविषयीची नावड घास तोंडात गेल्यावर कळते. हे घटक स्वतंत्र की एकाच प्रवृत्तीची दोन रूपे, याविषयी मतभेद आहेत. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून त्यांचा आनुवंशिक पाया बराचसा समाईक असावा. व्याख्या सारखी नसल्याने या प्रवृत्तीच्या प्रमाणाचे आकडे अभ्यासागणिक फार बदलतात.

उगम : मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी १९७६ मध्ये सर्वाहारी प्राण्यांपुढील पेच मांडला. अशा प्राण्याला विविध अन्न हवे असते, पण प्रत्येक नवे अन्न विषारी असू शकते. हाच विचार पुढे बालकांना लावण्यात आला. मूल चालू लागते, हाती येईल ते स्वतःच तोंडात घालू शकते, त्या सुमारास अनोळखी अन्नाविषयी संशय बळावणे जगण्यास उपकारक ठरले असावे, असा हा तर्क. मानवशास्त्रज्ञ एलिझाबेथ कॅशडन यांनी १९९४ मध्ये सुचविले, की पहिल्या दोन वर्षांत मूल नवे अन्न सहज स्वीकारते व नंतर ही खिडकी हळूहळू मिटू लागते. नाकारल्या जाणाऱ्या पदार्थांत भाज्या अग्रभागी असतात आणि वनस्पतींतील विषद्रव्ये बहुधा कडू असतात, हा या मताचा मुख्य आधार होय. मात्र उत्क्रांतीविषयक स्पष्टीकरण प्रयोगाने तपासणे अवघड आहे.

त्याच वयातील आणखी एक बदल या चर्चेत पुष्कळदा मागे पडतो. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात ते सर्वसाधारणपणे २ ते २.५ किग्रॅ. एवढेच वाढते. वाढीचा वेग मंदावला, की वजनाच्या मानाने भूकही कमी होते. पालकांना जो हट्ट वाटतो त्याचा काही भाग म्हणजे केवळ भरलेले पोट असते. दोन्ही स्पष्टीकरणे एकमेकांना छेद देत नाहीत. तथापि दुसरे प्रत्यक्ष मोजमापावर उभे असल्याने अधिक भरवशाचे आहे.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा दिसतो. ८ ते ११ वर्षांच्या ब्रिटिश जुळ्यांच्या २००७ मधील अभ्यासात नव्या अन्नाच्या भीतीतील व्यक्तिगत फरकांपैकी सुमारे ७८% फरक आनुवंशिक असल्याचे आढळले. कडू चवीची संवेदनक्षमता जन्मतःच कमीअधिक असते, हे रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांच्या १९३१ च्या सुमाराच्या निरीक्षणांपासून ज्ञात आहे. तिचा भाज्या नाकारण्याशी लावलेला संबंध सर्व अभ्यासांत टिकत नाही. चोखंदळपणात पालकांचा दोष शोधण्याची प्रथा जुळ्यांवरील पुराव्यामुळे निराधार ठरते. आनुवंशिकता असली तरी अनुभवाचा परिणाम होतोच. जूली मेनेला व सहकाऱ्यांच्या २००१ मधील प्रयोगात गरोदरपणी वा स्तनपानाच्या काळात गाजराचा रस घेणाऱ्या मातांच्या बाळांनी गाजराच्या चवीचे अन्न कमी नापसंती दाखवीत स्वीकारले.

डेव्हिस यांचा प्रयोग : बालरोगतज्ज्ञ क्लारा डेव्हिस यांनी १९२६ च्या सुमारास अमेरिकेत नुकतेच अंगावरचे दूध तोडलेल्या बालकांना आपले अन्न स्वतः निवडू दिले. १९३९ च्या वृत्तान्तात अशी १५ बालके व ३४ पदार्थांची यादी आहे. परिचारिकांनी पदार्थ सुचवायचा नाही, आग्रह करायचा नाही. मुलाने बोट दाखविल्यावरच चमचा भरायचा, असा दंडक होता. मुलांच्या निवडी एकमेकांशी जुळल्या नाहीत, तरी सर्वांची वाढ चांगली झाली. मुडदूस झालेल्या एका बाळाने बरे होईपर्यंत कॉड माशाचे तेल आपणहून घेतले. ‘मुलाला कशाची गरज आहे ते शरीराला कळते’ असा निष्कर्ष यातून अनेकांनी काढला. तो अतिव्याप्त आहे. यादीत साखर व प्रक्रिया केलेले पदार्थ नव्हतेच, आणि खरी मेख या यादीतच असल्याचे डेव्हिस यांनी स्वतः नमूद केले होते.

जेवणातील व्यवहार : आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी १९८० च्या दशकात मांडलेली जबाबदारीची विभागणी डेव्हिस यांच्या या म्हणण्याशी सुसंगत आहे. काय, केव्हा व कुठे वाढायचे हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. आग्रहाचा परिणाम उलट होतो, याला प्रायोगिक आधार आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ‘सूप संपव’ असे वारंवार सांगितलेल्या मुलांनी ते कमी घेतले व त्याविषयी नापसंतीही अधिक बोलून दाखविली. बक्षिसाबाबत मात्र एकमत नाही. लीअन बर्च व सहकाऱ्यांना (१९८४) बक्षिसासाठी प्यायलेल्या पेयाची आवड घटलेली आढळली, तर २०११ मधील एका ब्रिटिश अभ्यासात नावडती भाजी चाखण्याबद्दल दिलेल्या चित्रचिकटीने (स्टिकरने) आवड वाढली. पहिल्यात पेय आधीच बरे वाटत होते, दुसऱ्यात भाजी नावडती होती. विसंगतीचे कारण येथे असावे.

सर्वाधिक आधार पुन्हापुन्हा, थोड्या प्रमाणात चव देण्याला आहे. १० ते १५ वेळा ही मर्यादा सर्रास सांगितली जाते, पण ती मूल व पदार्थ यांनुसार बदलते. नुसते ताटात दिसणे पुरत नाही, जिभेला चव लागावी लागते. एकत्र जेवणाचा उपयोग येथे होतो : २ ते ५ वर्षांच्या मुलांवरील २००५ मधील प्रयोगात शेजारची मोठी व्यक्ती त्याच रंगाचे अन्न खात असली, तरच मुलांनी नवे अन्न अधिक खाल्ले, ती नुसती बसलेली असता वा वेगळ्या रंगाचे खात असता तसा परिणाम दिसला नाही. मुलासाठी वेगळे रांधले, की हा लाभ हुकतो.

विकार : वजन वाढणे थांबणे वा घटणे, लोहासारख्या घटकांची कमतरता, घास घेताना ठसका वा उलटी होणे, पदार्थांचा एखादा अख्खा गट वर्ज्य होणे, ही वैद्यकीय तपासणीची कारणे होत. अमेरिकन मनोविकारशास्त्र संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत (२०१३) अन्न टाळण्याच्या वा मर्यादित ठेवण्याच्या स्वतंत्र विकाराची नोंद झाली. त्यात शरीराच्या आकाराविषयीची चिंता नसते. वजन सर्वसामान्य असूनही हे निदान होऊ शकते.