अभिजात विद्या (ग्रीक व रोमन)

प्राचीन ग्रीस आणि रोम यांच्या भाषा, वाङ्‌मय, इतिहास, तत्त्वज्ञान, कला व पुरावशेष यांचा एकत्रित अभ्यास म्हणजे अभिजात विद्या. होमरच्या महाकाव्यांपासून इ. स. पाचव्या-सहाव्या शतकांपर्यंतचा काळ हे तिचे रूढ क्षेत्र होय. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी ‘लिनियर बी’ ही लिपी उलगडून तिच्यातील भाषा ग्रीकच असल्याचे दाखवले, तेव्हापासून हे क्षेत्र मायसिनीकालीन (ग्रीसच्या कांस्ययुगातील, होमरपूर्व) राजवाड्यांतील हिशेबाच्या मृत्तिकापट्ट्यांपर्यंत मागे गेले आहे.

यूरोपात लॅटिन ही कित्येक शतके चर्च, कायदा आणि विद्यापीठे यांची भाषा होती. प्राचीन जगाच्या सर्व अंगांचा मिळून एक शास्त्रशुद्ध विषय व्हावा, ही कल्पना मुख्यतः अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत, फ्रीड्रिख आउगुस्ट वोल्फ यांच्या अध्यापनातून रुजली. इंग्लंडमध्ये केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये प्रवेशासाठी असलेली ग्रीकची सक्ती उठवली. लॅटिनची प्रवेश-अट १९६० च्या सुमारास गेली. सक्ती संपल्यावर विद्यार्थी आपण होऊन यावेत, अशी शिकवण्याची रीत शोधणे शिक्षकांना भाग पडले, आणि या विषयाच्या अध्यापनातील आजचे बहुतेक प्रयोग त्या गरजेतून निघालेले आहेत.

जुन्या पद्धतीत आधी रूपे पाठ करायची, मग सुटी वाक्ये भाषांतरित करायची आणि काही वर्षांनी सीझर (लॅटिन) किंवा झेनोफन (ग्रीक) यांसारखा लेखक हाती घ्यायचा, असा क्रम असे. तिच्यातून अचूकता येई, परंतु सलग पान वाचण्याची सवय अनेकांना शेवटपर्यंत लागत नसे. डॅनिश शिक्षक हान्स ओर्बर्ग यांनी १९५५ मध्ये सर्वस्वी लॅटिनमध्येच लिहिलेली पाठमाला तयार केली; ‘रोमा इन् इतालिया एस्त’ (रोम इटलीत आहे) या पहिल्या वाक्यापासून ती विद्यार्थ्याला संदर्भावरून अर्थ लावायला शिकवते. १९७० पासून निघालेल्या केंब्रिजच्या लॅटिनच्या शालेय पाठमालेने पाँपेई या प्राचीन रोमन नगरातील कायकिलियस या सावकाराचे घर कथेच्या केंद्रस्थानी ठेवले. हा माणूस ऐतिहासिक असून त्याच्या व्यवहारांच्या मेणपाट्या १८७५ मध्ये उत्खननात सापडल्या आहेत. इटलीतील ‘विवारियुम नोवुम’ या संस्थेत तर अध्यापन आणि रोजचे संभाषणही लॅटिन व प्राचीन ग्रीकमध्ये चालते. या पद्धतींनी वाचनाचा वेग वाढतो हे खरे असले, तरी ग्रीक क्रियापदांच्या रूपांचा पद्धतशीर अभ्यास कोणालाच टळत नाही. संस्कृत शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला मात्र विभक्ती, द्विवचन आणि आत्मनेपदाशी जुळणारी क्रियारूपे ग्रीकमध्ये पाहून ओळखीचा आधार मिळतो. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक व लॅटिन या तिन्ही भाषांचे मूळ एक असावे असे मांडले, ते अशाच साम्यांवरून.

भाषा किती सक्तीची असावी, हा आजचा कळीचा वाद आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाने २०२१ मध्ये या विषयाच्या पदवीसाठी ग्रीक किंवा लॅटिनची अट काढून टाकली. ज्यांच्या शाळेत या भाषा शिकवल्याच जात नाहीत, त्यांना दार बंद राहू नये ही भूमिका न्याय्य आहे. परंतु पदवीच्या पुढे संशोधन करू पाहणाऱ्याला मूळ भाषेवाचून दुसऱ्याच्या अर्थनिर्णयावर विसंबावे लागते. म्हणून अट शिथिल करणाऱ्या विभागाने प्रारंभापासून भाषा शिकवण्याची तरतूद वाढवली पाहिजे. नाहीतर खुला झालेला प्रवेश अर्ध्या वाटेवर थांबतो.

मूळ साधनेही अजून वाढत आहेत. इजिप्तमधील ऑक्सिरिंकस येथे १८९६ पासून मिळालेल्या पपायरसांचे (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदासारख्या पानांवरील लेखांचे) प्रकाशन आजही चालू आहे. इ. स. ७९ मधील व्हेसुव्हियसच्या उद्रेकात जळून कोळसा झालेल्या, हर्क्युलेनियम या रोमन नगरातील ग्रंथांच्या गुंडाळ्या न उलगडता, क्ष-किरण प्रतिमा आणि संगणक यांच्या साहाय्याने वाचता येऊ लागल्या असून, २०२३ मध्ये अशा एका गुंडाळीतून ‘जांभळा’ या अर्थाचा ग्रीक शब्द प्रथम ओळखला गेला. कॅलिफोर्नियात १९७२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने ग्रीक वाङ्‌मय संगणकावर आणले, तर म्युनिकमध्ये १८९४ मध्ये आरंभलेला लॅटिनचा महाकोश अद्याप अपूर्ण आहे. अभ्यासाचे प्रश्नही बदलले आहेत: गुलाम, स्त्रिया आणि साम्राज्याच्या सीमेवरील लोक यांच्याकडे आता कितीतरी अधिक लक्ष दिले जाते.

या विद्येचा महाराष्ट्राशी संबंध व्यापारातून येतो. पहिल्या शतकातील ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांचे उल्लेख आहेत. तेरहून बैलगाड्यांनी भडोचकडे जाणाऱ्या कापडाचीही नोंद त्यात आहे. कार्ले येथील लेण्यांत यवन (म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडील) दात्यांचे शिलालेख आहेत, आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती मिळाली. पेरिप्लसचे ग्रीक आणि लेण्यांतील प्राकृत ही दोन्ही मुळातून वाचू शकणारे अभ्यासक सातवाहनकालीन दख्खनच्या इतिहासाला आजही हवे आहेत.