पार्श्वभूमी : ध्रुवीकरणावर माहिती वाहणाऱ्या लहरी

विद्युतचुंबकीय लहरीतले विद्युतक्षेत्र उभे थरथरते, आडवे थरथरते की फिरत पुढे सरकते, हे तिचे ध्रुवीकरण. उभे म्हणजे १, आडवे म्हणजे ० असे ठरवले की संदेश तयार! कल्पना सोपी आहे. अडचण एवढीच, की वाटेत ही दिशा बदलू शकते.

बार्थोलिनने १६६९ मध्ये आइसलँडच्या स्फटिकातून एका वस्तूच्या दोन प्रतिमा पाहिल्या. त्या दोन प्रतिमा म्हणजे दोन वेगळ्या ध्रुवीकरणांचा प्रकाश, हे कारण उलगडायला दीडशे वर्षे लागली. १८०८ मध्ये मालूसला काचेवरून परावर्तित झालेला प्रकाशही ध्रुवित असल्याचे दिसले आणि फ्रेनेलने १८२१ मध्ये प्रकाशलहरी पुढे जाण्याच्या दिशेशी काटकोनात कंप पावतात असे मांडले. रेडिओ लहरींचे ध्रुवीकरण हर्ट्झने १८८८ मध्ये समांतर तारांच्या जाळीने दाखवले: तारा विद्युतक्षेत्राला समांतर असल्या की लहर अडते, जाळी ९० अंशांत फिरवली की पार जाते. पुढे कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी तर रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत धातूचा वर्ख घालून ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेचे कंपन पार जाऊ देणारे साधन, बनवला.

व्यवहारात मात्र ध्रुवीकरण आधी उपयोगी पडले ते दुसरी मार्गिका म्हणून. १९७५ च्या आरसीए सॅटकॉम-१ उपग्रहाने एकाच वारंवारतापट्ट्यात उभे व आडवे ध्रुवीकरण वापरून २४ ट्रान्सपाँडर (संदेश घेऊन परत पाठवणारे संच) बसवले. शून्य-एक अजूनही ध्रुवीकरणात नव्हते. ध्रुवीकरण फक्त दोन प्रवाह वेगळे ठेवत होते. माझ्या मते तंत्रज्ञानाने इथे शहाणपणाच केला.

प्रकाशतंतूत (ऑप्टिकल फायबरमध्ये) प्रकरण चिघळले. गाभा किंचित लांबट असला, तंतू वाकला, तापमान बदलले, की ध्रुवीकरण भरकटते. ध्रुवीकरण बदलूनच अंक पाठवण्याचे प्रयोग १९९० च्या दशकात झाले, पण दिवा चालू-बंद करण्याची पद्धत स्वस्त पडली. २००८ च्या सुमारास सुसंगत (कोहेरंट) ग्राही, म्हणजे प्रकाशाची तीव्रताच नव्हे तर कलाही (फेज) मोजणारे रिसीव्हर, बाजारात आले आणि चित्र पालटले. तंतूने मिसळून टाकलेले दोन प्रवाह चिपमधले गणित सतत मागोवा घेत वेगळे करू लागले. दोन्ही ध्रुवीकरणांवर दोन-दोन बिट, म्हणजे प्रत्येक चिन्हामागे (एका वेळी पाठवलेल्या संकेतामागे) चार. लांब पल्ल्याच्या १०० गिगाबिट दुव्यांचा हाच पाया ठरला.

खुद्द ध्रुवीकरणातच अंक लिहिण्याची मूळ कल्पना टिकली ती गुप्तलेखनात. बेनेट आणि ब्रासार्ड यांच्या १९८४ च्या पद्धतीत एकेका फोटॉनचे (प्रकाशकणाचे) ध्रुवीकरण म्हणजे संदेश कुलूपबंद करणाऱ्या गुप्त किल्लीचा एक बिट. २०१६ मध्ये सोडलेल्या चीनच्या मिशियस उपग्रहाने अशी किल्ली अंतराळातून जमिनीवर उतरवली, कारण मोकळ्या हवेत ध्रुवीकरण जवळपास अबाधित राहते.