जावास्क्रिप्टमध्ये इन वापरायचं की हॅजओन?

ऑब्जेक्टमध्ये एखादी प्रॉपर्टी आहे का हे बघायला जावास्क्रिप्टमध्ये इन ऑपरेटर आहे आणि ऑब्जेक्ट डॉट हॅजओन आहे, आणि बरेच जण दोन्ही एकच समजून जे आधी आठवेल ते टाकून मोकळे होतात. हॅजओन फक्त त्या ऑब्जेक्टपुरतंच बघतं. इनला तिथे नाही सापडलं की ते प्रोटोटाइपकडे, म्हणजे ऑब्जेक्टला ज्याच्याकडून प्रॉपर्टी वारशाने मिळतात त्या ऑब्जेक्टकडे जातं, मग त्याच्या प्रोटोटाइपकडे, पार टोकापर्यंत, म्हणजे आजोबांच्या नावावरची जमीनपण आपलीच धरतं. म्हणून रिकाम्या ऑब्जेक्टमध्ये टूस्ट्रिंग आहे का विचारलं तरी इन हो म्हणणार.

वाट कुठे लागते बघा. इंग्रजी मजकुरातले शब्द मोजायचेत, शब्द ही ‘की’ (प्रॉपर्टीचं नाव) आणि आकडा ही व्हॅल्यू, इनने शब्द सापडला तर 1 वाढवायचा, नाहीतर 1 ठेवायचा. सगळं मस्त चालतं आणि मग मजकुरात कन्स्ट्रक्टर हा शब्द येतो. इन म्हणतं आहे की! पण तिथे आकडा नाहीये, वारशाने आलेलं फंक्शन बसलंय, ते प्लसप्लसने वाढवलं की एनएएन, म्हणजे नॉट अ नंबर. एरर वगैरे काही नाही, रिपोर्टमध्ये गुपचूप एनएएन. इथे हॅजओनच हवं, आणि माझं विचाराल तर सरळ मॅप (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवायचा तयार प्रकार) घ्या, हॅज आणि गेट वापरा, प्रोटोटाइपची कटकटच नको.

पण म्हणून इन वाईट असं नाही हं. ब्राउझरला जिओलोकेशन येतं का हे बघायचंय, तर ते नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या ऑब्जेक्टच्या प्रोटोटाइपवर असतं, हॅजओन तिथे फॉल्स देऊन बसेल आणि इन बरोबर ट्रू देईल. क्लासमधल्या मेथडचंही तेच. पायथॉनवरून आलेल्यांनी एवढं लक्षात ठेवा की अ‍ॅरेवर इन लावलं तर ते इंडेक्स बघतं, व्हॅल्यू नाही.

नुसतं इफ लावून व्हॅल्यू तपासणारे तर वेगळेच, डिस्काउंट 0 आला की तो नाहीच असं धरतात. अनडिफाइन्डशी तुलना त्यापेक्षा बरी, पण व्हॅल्यू मुद्दाम अनडिफाइन्ड ठेवलेली ‘की’ तिला दिसत नाही आणि गेटर (प्रॉपर्टी वाचली की चालणारं फंक्शन) असेल तर तो उगाच चालतो.

स्पीडवरून भांडण नेहमीचं. इन सापडलं नाही तर पूर्ण साखळी चढतं हे खरं, पण साध्या ऑब्जेक्टची साखळी एकाच पायरीची असते आणि इंजिन हे लुकअप कॅश करून ठेवतं, तेव्हा लाखो वेळा फिरणारा लूप नसेल तर हा फरक कुणाला जाणवणार पण नाही. त्यापेक्षा सारखं डिलीट मारत राहणं महाग पडतं, कारण व्हीएट या क्रोमच्या इंजिनमध्ये असा ऑब्जेक्ट बरेचदा फास्ट लेआउट सोडून डिक्शनरी मोड या हळू प्रकारात जातो.

जुनं हॅजओनप्रॉपर्टी थेट ऑब्जेक्टवर कॉल करू नका, नल प्रोटोटाइपवाल्या, म्हणजे प्रोटोटाइपच नसलेल्या ऑब्जेक्टवर ते नसतंच आणि टाइपएरर येतो, बाहेरून आलेल्या जेसन डेटामध्ये त्याच नावाची ‘की’ असली तरी तेच. हॅजओन 2022 च्या स्टँडर्डमध्ये आलंय, क्रोम 93 आणि नोड 16.9 पासून चालतं, त्याआधीचं काही सांभाळत असाल तर ऑब्जेक्ट डॉट प्रोटोटाइप डॉट हॅजओनप्रॉपर्टी डॉट कॉल लावून तेच काम होतं, दिसायला लांबलचक आहे एवढंच.