विचारल्याशिवाय बोलू नये: बेसबॉलमधल्या पंचांच्या जोडीची पार्श्वभूमी

बेसबॉलच्या नियमपुस्तकात ८.०२(सी) हा नियम आहे. एका पंचाच्या निर्णयावर दुसऱ्या पंचाने टीका करू नये, तो फिरवायला जाऊ नये, मध्ये पडू नये. निर्णय देणाऱ्याने स्वतः विचारलं तरच बोलावं. क्रिकेटवर वाढलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. तिथे १७४४ च्या कायद्यांतच दोन पंच आहेत आणि आपापल्या विकेटपुरता प्रत्येकाचा शब्द अखेरचा मानला आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मात्र ही शिस्त उशिरा आली, कारण तिथे कित्येक दशकं दुसरा पंचच नव्हता.

अगदी सुरुवातीला पंच एकापेक्षा जास्त होते, हीच गंमत. १८५० च्या दशकात न्यूयॉर्कच्या आसपासचे क्लब आपापला एक पंच घेऊन यायचे आणि दोघांचं जुळलं नाही तर तिसरा रेफ्री निकाल द्यायचा. आपल्या क्लबचा पंच आपल्याच बाजूने बोलणार हे उघड असल्याने सगळा भार रेफ्रीवर पडू लागला. १८५८ मध्ये क्लबांच्या संघटनेने एकच पंच ठेवायचं ठरवलं. १८७६ मध्ये नॅशनल लीग उभी राहिली तेव्हाही हेच चालू होतं. २२ एप्रिलला फिलाडेल्फियात झालेल्या तिच्या पहिल्या सामन्यात विल्यम मॅक्लीन एकटेच पंच होते. दोन वर्षांनी यजमान क्लबाने पंचाला सामन्यामागे ५ डॉलर द्यावेत असं लीगने ठरवलं.

एकट्या माणसाने पाहायचं तरी किती? बॅटर फर्स्ट, सेकंड, थर्ड या बेसना (टप्प्यांना) क्रमाने पाय लावत होमला, म्हणजे तो फटका मारतो त्या प्लेटपाशी, परतला की एक धाव. एका बेसपासून दुसरा ९० फुटांवर. होमपासून सेकंड बेस सरळ रेषेत १२७ फुटांहून थोडा जास्त. बेस रिकामे असले की पंच कॅचरमागे (हा बेसबॉलचा यष्टिरक्षक) उभा राहायचा आणि बेसवर रनर चढला की पिचरमागे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यामागे, जायचा. चेंडू आउटफिल्डकडे गेला की त्याची नजर तिकडे वळायची, आणि पाठीमागे काहीही घडायचं. मायकेल ‘किंग’ केली थर्ड बेसला वळसा न घालता सेकंडवरून थेट होमकडे पळण्यासाठी प्रसिद्ध होता. १८९० च्या दशकात बाल्टिमोरचा जॉन मॅग्रॉ थर्डवर रनरचा पट्टा मागून धरून ठेवायचा. हे पंचाला दिसणं शक्यच नव्हतं, त्यामुळे नंतर तक्रारीलाही अर्थ उरायचा नाही. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तर, आपल्याला दिसलं नाही तर खेळाडूंना किंवा प्रेक्षकांना विचारायची पंचाला मुभा होती. पुढे ती काढून घेतली. मग विचारणार कोणाला?

१८९० मध्ये एकच हंगाम टिकलेल्या प्लेयर्स लीगने दोन पंच लावून पाहिले. १८९८ मध्ये नॅशनल लीगच्या नियमांत दुसऱ्या पंचाला जागा मिळाली, पण दुसरा पंच म्हणजे दुसरा पगार आणि दुसरं रेल्वेचं तिकीट. मालकांनी ही सुधारणा बराच काळ अर्धीमुर्धीच राबवली. दोघांची जोडी रुळायला १९१० नंतरची सुरुवातीची वर्षं उजाडली.

तोवर १९०९ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाअखेरची विजेतेपदाची मालिका, येऊन गेली होती. पिट्सबर्ग विरुद्ध डेट्रॉइट, पंच बिल क्लेम आणि बिली एव्हन्स. गर्दीसाठी मैदानातच तात्पुरते स्टँड टाकलेले. एक फटका तिकडे गेला आणि नेमका कुठे पडला हे दोघांपैकी एकालाही दिसलं नाही. शेवटी तिथे बसलेल्या प्रेक्षकांनाच विचारायची वेळ आली, म्हणजे जी मुभा पाव शतकापूर्वी काढून घेतली होती तीच. त्यानंतर त्याच सिरीजमध्ये राखीव पंचांनाही फाउल लाइनवर, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या हद्दीवर, उभं करून चौघांना कामाला लावलं गेलं. नेहमीच्या सामन्यांत तीन पंच १९३३ पासून आणि चार १९५२ पासून आले. वर्ल्ड सिरीजमध्ये सहा पंच १९४७ पासून दिसू लागले.

पंच वाढले तसे हाताचे इशारेही वाढले. उजवा हात उंचावून स्ट्राइक (बॅटरच्या विरोधात मोजला जाणारा चेंडू; तीन झाले की तो आउट) दाखवायची पद्धत साय रिग्लर याने १९०५ च्या सुमारास वापरल्याचं सांगतात. तिला मान मिळवून दिला तो क्लेमने. कर्णबधिर खेळाडू विल्यम हॉय याच्यासाठी हे इशारे निघाले ही गोष्ट फार लोकप्रिय आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. हे मोठे इशारे प्रेक्षकांसाठी आणि डगआउटसाठी असतात. पंच आपसांत वापरतात ते इशारे अगदी छोटे असतात, आणि जोडीची खरी भाषा तीच. चार पंचांच्या सामन्यांत या भाषेचं महत्त्व थोडं कमी होतं. हौशी, शालेय आणि कॉलेजच्या बहुतेक सामन्यांत अजूनही दोघेच असतात आणि तिथे तिच्यावाचून चालत नाही.

बेस रिकामे असताना बेसवरचा पंच फर्स्ट बेसमनच्या १०-१२ फूट मागे, फाउल रेषेच्या बाहेर उभा राहतो. या जागेला ‘ए’ म्हणतात. रनर चढला की तो आत येतो. पिचरच्या उंचवट्यामागे फर्स्टच्या बाजूला ‘बी’ आणि थर्डच्या बाजूला ‘सी’. फक्त फर्स्टवर रनर असताना बॅटरने मोकळा फटका मारला, तर प्लेटमागच्या पंचाने थर्डकडे धावायचं आणि धावता धावता सहकाऱ्याला ऐकू जाईल असं ओरडायचं: “तो आला तर थर्ड माझा!” हे वाक्य राहून गेलं की दोघेही थर्डवर पोचतात आणि होम उघडं पडतं. नाहीतर दोघेही नुसतं पाहत राहतात. त्यातही दोघे पोचणं जास्त वाईट, कारण मग एक हात आउट दाखवतो आणि दुसरा सेफ.

‘ए’ जागेवरून राइट फील्डच्या रेषेकडे जाणाऱ्या अवघड फ्लायमागे (उंच उडालेल्या फटक्यामागे) बेसवरच्या पंचाला पळावं लागतं. त्याने “मी चाललो” म्हणायचं. तेवढ्यावरून प्लेटमागच्याला कळतं की आता बॅटर-रनर होमपर्यंत त्याचाच. एकदा बाहेर पडलेल्या पंचाने प्ले संपेपर्यंत आत परतायचं नाही. नवख्यांची चूक इथेच होते. कॅच पाहून झाला की ते मदतीच्या भावनेने सेकंडकडे धावत येतात आणि सहकाऱ्याने मनात केलेली वाटणी मोडतात.

बोलायचं नसतं तेव्हा हात बोलतो. दोनपेक्षा कमी आउट आणि फर्स्ट-सेकंड भरलेले, किंवा तिन्ही बेस भरलेले, म्हणजे इनफिल्ड फ्लायची शक्यता: बेसांजवळ उडालेला सोपा झेल, जो सुटला तरी बॅटर आउटच. अशा वेळी प्लेटमागचा पंच टोपीच्या कडेला बोटं लावतो किंवा उजवा हात छातीवर ठेवतो. प्रघात जागेनुसार बदलतो. सहकारी तोच इशारा परत करतो, आणि परत आला नाही तर पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही. दोन आउट झालेले आणि सेकंडवर रनर असला तर मनगटावर दोन बोटांनी टिचक्या. याचा अर्थ, तिसरा आउट होऊन डाव संपण्याआधी रनरने होमला पाय लावला की नाही हे आता महत्त्वाचं आहे आणि मी होम सोडणार नाही. तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरने टप्पा पडण्याआधी झेलला नाही, तर बॅटरला फर्स्टकडे पळता येतं. तो जमिनीलगत गेला तर कॅचरच्या पाठीमुळे प्लेटवाल्याला चेंडू दिसत नाही. समोरचा पंच मांडीजवळ मूठ वळवतो म्हणजे झेलला, जमिनीकडे बोट दाखवतो म्हणजे टप्पा पडला.

हा इशारा किती महत्त्वाचा आहे ते १२ ऑक्टोबर २००५ ला दिसलं. शिकागो व्हाइट सॉक्स विरुद्ध एंजल्स, अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीचा दुसरा सामना. प्लेटमागच्या डग एडिंग्जने स्ट्राइकसाठी मूठ वळवली. तीच मूठ आउटसाठीही चालत असल्याने एंजल्सचा कॅचर जॉश पॉल याने डाव संपला असं समजून चेंडू उंचवट्याकडे टाकून दिला. व्हाइट सॉक्सचा बॅटर ए. जे. पियर्झिन्स्की मात्र फर्स्टकडे पळाला. पंचांनी आपसांत बोलून त्याला सेफ ठेवलं. त्याच्या जागी आलेला रनर धाव काढून गेला आणि व्हाइट सॉक्स २-१ ने जिंकले. चेंडूला टप्पा पडला का यावर लोक अजून भांडतात. आमच्या मते खरा घोटाळा मुठीचा होता: एका इशाऱ्याचे दोन अर्थ.

अर्ध्या स्विंगच्या अपिलातही, म्हणजे बॅट पुरती फिरली की नाही या वादातही, असाच बारकावा आहे. प्लेटमागच्याने ‘बॉल’ (म्हणजे स्ट्राइक नाही) म्हटलं असेल तरच कॅचर किंवा मॅनेजर त्याला सहकाऱ्याला विचारायला सांगू शकतो. विचारताना तो डावा हात पुढे करतो, कारण उजवा उचलला की स्ट्राइक दिल्यासारखं दिसतं.

सहकाऱ्याची चूक दिसत असूनही गप्प का राहायचं? कारण सभ्यतेपेक्षा कोनाचं आहे. ज्याला कोन चांगला, निर्णय त्याचा. विनाविचारता एकदा बोललं की पुढच्या प्रत्येक निर्णयावर मॅनेजर “दुसऱ्याला विचारा” म्हणत येतो. याची किंमतही मोजावी लागते. २६ ऑक्टोबर १९८५, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना: पंच डॉन डेंकिंजरने फर्स्टवर कॅन्सस सिटीच्या होर्हे ऑर्टाला सेफ दिलं. रिप्लेमध्ये तो आउट दिसत होता. निर्णय तसाच राहिला, ०-१ ने मागे असलेल्या कॅन्सस सिटीने सामना २-१ ने काढला. पंचांच्या फेरपाळीत फर्स्टवरचा पंच दुसऱ्या दिवशी होमला येतो, त्यामुळे निर्णायक सातव्या सामन्यात प्लेटमागे पुन्हा डेंकिंजरच होते.

नंतर कल एकत्र येऊन विचार करण्याकडे झुकला. १९ ऑक्टोबर २००४ ला यांकी स्टेडियमवर एकाच रात्री दोन निर्णय फिरले. मार्क बेलहॉर्नचा डबल (सेकंडपर्यंत नेणारा फटका) पंचांच्या घोळक्यात चर्चा होऊन होम रन (थेट धाव देणारा, मैदानापलीकडचा फटका) ठरला. पुढे अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझने ब्रॉन्सन अरोयोच्या हातमोज्यावर फटका मारून चेंडू पाडला होता, तिथे आधी सेफ आणि चर्चेनंतर अडथळ्यासाठी आउट. अशा घोळक्यात मॅनेजर किंवा खेळाडू चालत नाही. ज्याला काही दिसलं त्याने फक्त दिसलं तेवढं सांगायचं, मत द्यायचं नाही. मूळ निर्णय देणारा अखेरीस स्वतः जाहीर करतो. ‘फाउल’ (चेंडू रेषेबाहेर पडला) असं ओरडून झाल्यावर मात्र सगळे थांबलेले असतात, म्हणून ती चूक सुधारणं सर्वात अवघड. २००८ मध्ये होम रनसाठी आणि २०१४ पासून बहुतेक निर्णयांसाठी व्हिडिओची सोय झाली. आता मोठ्या लीगमध्ये शेवटचा सल्ला हेडफोनमधून न्यूयॉर्कहून येतो.

पाहिलेल्याचा शब्द मानायचा, ही प्रथा कुठवर जाते याचा नमुना १९८३ चा. २४ जुलैला कॅन्सस सिटीच्या जॉर्ज ब्रेटच्या बॅटवर पकडीसाठी लावलेलं डांबर नियमातल्या १८ इंचांच्या मर्यादेपेक्षा वर आहे म्हणून पंच टिम मॅक्लेलंडने बॅट १७ इंच रुंद होम प्लेटवर आडवी धरून मोजली आणि त्याचा होम रन रद्द करून त्याला आउट दिलं. लीगने तो निर्णय फिरवला, उरलेला सामना १८ ऑगस्टला वेगळ्या पंचांसमोर झाला. यांकीजचा मॅनेजर बिली मार्टिन याने लगेच अपील केलं: ब्रेटने आणि त्याच्या पुढच्या रनरने बेसला पाय लावलेच नव्हते. नवे पंच त्या दिवशी मैदानात नव्हते, त्यामुळे त्यांना काय माहीत असणार, असा त्याचा हिशेब. नव्या पंचांपैकी डेव्ह फिलिप्सने खिशातून कागद काढला. आधीच्या चारही पंचांचं सहीचं प्रतिज्ञापत्र होतं ते: दोघांनीही सगळ्या बेसना पाय लावला होता.