पिटो तुंबली की स्टॅटिक?

हवेत असताना वेगाचा काटा भलतंच काही दाखवायला लागला की पहिला संशय पिटो ट्यूबवर जातो. पण स्टॅटिक पोर्ट बंद झालं तरी तोच काटा बिघडतो, आणि तेव्हा करायचं ते वेगळं असतं.

सेसना १७२ हे छोटं विमान घ्या. डाव्या पंखाखाली पुढे तोंड करून असलेली नळी म्हणजे पिटो. समोरून आदळणाऱ्या हवेचा दाब ती घेते. स्टॅटिक पोर्ट म्हणजे बॉडीच्या डाव्या अंगाला पत्र्यात सपाट बसवलेलं बारीक भोक. ते फक्त भोवतालच्या हवेचा दाब घेतं. वेगाचा काटा या दोन दाबांतला फरक दाखवतो. अल्टिमीटर (उंचीचा काटा) आणि चढ-उताराचा काटा मात्र निव्वळ स्टॅटिकवर चालतात. म्हणजे पिटो तुंबली तर एकच काटा खोटं बोलतो, स्टॅटिक तुंबलं तर तिन्ही.

पिटोचं नुसतं तोंड बंद झालं आणि पाणी निचरायचं भोक उघडं राहिलं, तर काटा सरळ शून्याकडे येतो. हा त्यातल्या त्यात प्रामाणिक बिघाड, लगेच कळतो. दोन्ही बंद झाली की मात्र आतला दाब कोंडतो. विमान चढतं तसा बाहेरचा दाब कमी होतो, फरक वाढतो आणि वेग वाढल्यासारखा दिसतो. ६ फेब्रुवारी १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून निघालेल्या बिर्गनएअरच्या बोइंग ७५७ मध्ये असंच झालं. विमान बरेच दिवस उभं होतं, पिटोवर झाकण नव्हतं. कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलं असावं, असा निष्कर्ष निघाला. कॅप्टनचा काटा अफाट वेग दाखवत होता, ऑटोपायलट त्यावर विसंबून नाक वर उचलत राहिला आणि विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांना उचल मिळेनाशी झाली. १८९ माणसं गेली. को-पायलटचा काटा तेव्हा बरोबर होता!

स्टॅटिक बंद झालं की अल्टिमीटर जागच्या जागी थिजतो, चढ-उताराचा काटा शून्यावर बसतो. वेगाचा काटा वर जाताना कमी दाखवतो आणि खाली येताना जास्त, म्हणजे पिटोच्या बरोबर उलट. त्यामुळे पिटोचा घात चढताना होतो, स्टॅटिकचा उतरताना. दोन्ही वेळा सापळा एकच: काटा म्हणतो वेग भरपूर आहे, म्हणून आपण पॉवर कमी करतो.

दोन्हींत मला स्टॅटिक जास्त वाईट वाटतं, कारण त्यात उंचीही जाते. २ ऑक्टोबर १९९६ ला लिमाहून उडालेल्या एरोपेरूच्या ७५७ वर धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. रात्रीची वेळ, खाली समुद्र. वैमानिकांनी कंट्रोलरला उंची विचारली, त्याने पडद्यावर दिसली ती सांगितली. पण तो आकडा विमानाच्याच ट्रान्सपॉन्डरकडून (रडारला माहिती पाठवणारं यंत्र), त्याच बंद भोकांमधून आलेला होता. विमान पाण्याला टेकलं तेव्हा अल्टिमीटर साडेनऊ हजार फुटांच्या आसपास होता. ७० जण गेले. जमीन जवळ आल्याचा इशारा वाजत होता, आणि तो खरा होता, कारण तो ज्यावर अवलंबून असतो तो रेडिओ अल्टिमीटर रेडिओ लहरींनी उंची मोजतो, हवेच्या दाबावर चालत नाही.

ओळखायचं कसं? आधी नाक आणि पॉवर ओळखीच्या जागी आणून विमान सावरायचं. मग नजर अल्टिमीटरवर. उंची बदलतेय आणि फक्त वेग चुकतोय, तर पिटो: पिटो हीट (नळी तापवून बर्फ वितळवणारी सोय) चालू आहे ना ते बघायचं. नाक वर, इंजिन जोरात, तरी अल्टिमीटर ढिम्म, तर स्टॅटिक: ऑल्टरनेट स्टॅटिकचा नॉब ओढायचा. कंट्रोलरला विचारायचंच असेल तर जमिनीवरचा वेग विचारा, तो रडारवरून निघतो. वारा तेवढा हिशेबात धरा. जीपीएसची उंचीही स्वतंत्र असते.

ऑल्टरनेट स्टॅटिक केबिनमधली हवा घेतं. तिथला दाब बाहेरच्यापेक्षा जरा कमी, म्हणून वेग आणि उंची थोडी जास्त दिसते. नॉबच नसेल तर चढ-उताराच्या काट्याची काच फोडायची, म्हणजे केबिनमधली हवा आत शिरते. नंतर तो काटा उलटा चालू शकतो, पण अल्टिमीटर परत हलायला लागतो.