बीसीएल११ए (प्रोटीन)

बीसीएल११ए हे आपल्या पेशींमधलं एक प्रोटीन. दुसऱ्या जीन्सना गप्प बसवायचं हे याचं मुख्य काम, म्हणून याला रिप्रेसर म्हणतात. याचा स्वतःचा जीन २ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो आणि पूर्ण लांबीच्या प्रोटीनमध्ये ८३५ अमिनो ॲसिड असतात. नावातला बी हा बी-सेलचा (प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी), कारण आधी याची ओळख झाली ती रक्ताच्या कॅन्सरमुळे. २००३ मध्ये उंदरांमधून हा जीन काढून बघितला तर त्यांच्यात बी-सेल तयारच झाल्या नाहीत, म्हणजे कच्च्या पेशीने पुढे काय व्हायचं हे ठरवण्यात याचा हात आहे हे तेव्हाच कळलं.

पण आज याचं नाव घेतलं जातं ते हिमोग्लोबिनमुळे, म्हणजे तांबड्या पेशींत ऑक्सिजन वाहणाऱ्या, साखळ्यांनी बनलेल्या प्रोटीनमुळे. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाच्या जागी गॅमा साखळ्या असतात. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा बंद पडतो आणि बीटा चालू होतो, मोठ्या माणसात बाळाचं हिमोग्लोबिन जेमतेम १ टक्का उरतं. हा गॅमा बंद करणारा मुख्य गडी म्हणजे बीसीएल११ए. याच्या अंगावर झिंक फिंगर नावाचे भाग असतात, त्यांनी तो गॅमा जीनच्या अलीकडे टीजीएसीसीए ही डीएनएची अक्षरं हुडकून तिथे चिकटतो आणि बाकीच्या प्रोटीन्सना बोलावून तो जीन बंद करून टाकतो.

आता सिकलसेल या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणाऱ्या आजारात बिघाड असतो बीटामध्ये, एकच अमिनो ॲसिड बदललेलं. त्यामुळे असं बाळ जन्माला येतं तेव्हा ठीक असतं आणि सहाएक महिन्यांनी हातपाय सुजायला, दुखायला लागतात, कारण तोपर्यंत गॅमाचं संरक्षण संपलेलं असतं. जॅनेट वॉटसन या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी १९४८ मध्येच हे टिपलं होतं, पण गॅमा बंद कोण करतं हे कळायला साठ वर्षं गेली. २००७-०८ मध्ये ज्यांच्यात मोठेपणीही बाळाचं हिमोग्लोबिन जास्त राहतं अशा लोकांचे जीन्स तपासले (त्यात सार्डिनिया बेटावरचे लोकही होते) तेव्हा बोट बीसीएल११एकडे गेलं, आणि २००८ मध्येच विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या टीमने दाखवलं की तांबड्या पेशींत हे प्रोटीन कमी केलं की गॅमा परत चालू होतो.

मग सरळ जीनच का नाही तोडायचा? तर याची गरज मेंदूलाही आहे. ज्या मुलांमध्ये याची दोनपैकी एक कॉपी बिघडलेली असते त्यांना डायस-लोगन सिंड्रोम होतो, बोलणं, शिकणं मागे पडतं, आणि त्यांच्या रक्तात बाळाचं हिमोग्लोबिन मात्र वाढलेलं सापडतं. मला या सगळ्या गोष्टीतला सगळ्यात सुंदर शोध वाटतो तो २०१३ चा, डॅनियल बाउअर आणि ऑर्किन यांचा. याच जीनच्या आत एक एन्हान्सर आहे, म्हणजे बटण समजा, आणि ते फक्त तांबड्या पेशींच्या घराण्यात चालतं. त्यावर गाटा१ नावाचं दुसरं प्रोटीन येऊन बसतं. ती बसायची जागा कापली की तांबड्या पेशींत बीसीएल११ए उतरतं आणि मेंदू, बी-सेल यांना धक्का लागत नाही.

सिकलसेलवरची कॅसजेव्ही ही ट्रीटमेंट नेमकं हेच करते, पेशंटच्याच स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) बाहेर काढून क्रिस्परने, म्हणजे डीएनए कापायच्या कात्रीने, ही जागा कापतात आणि परत देतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. ट्रायलमध्ये पुरेसा काळ बघितलेल्या ३१ पेशंटपैकी २९ जणांना सलग वर्षभर तरी दुखण्याचा मोठा झटका आला नाही.

पण आधी केमो देऊन बोनमॅरो रिकामी करावी लागते आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. गडचिरोली, नंदुरबारकडच्या आदिवासी घरांत सिकलसेल पिढ्यानपिढ्या चालत आलाय, तिथल्या पेशंटचा आधार अजून हायड्रॉक्सीयुरियाची गोळीच, तीही बाळाचं हिमोग्लोबिन वाढवूनच काम करते. बीसीएल११एला थेट उतरवणाऱ्या गोळीवर संशोधन चालू आहे, पण गोळी सगळ्या शरीरात फिरते, त्यामुळे बी-सेलना आणि मेंदूला वाचवून फक्त तांबड्या पेशींत तिचा परिणाम कसा साधायचा हे तिथलं अवघड काम आहे.