प्रोबायोटिक घेऊन चष्मा जातो का? पोटातले जिवाणू आणि डोळे

फ्रेम निवडता निवडता हल्ली बरेच ग्राहक मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतात आणि विचारतात, "ही प्रोबायोटिकची कॅप्सूल घेतली की नंबर उतरतो म्हणे?" नाही उतरत. नंबर ठरतो तो डोळ्याच्या लांबीवर आणि बुबुळाच्या गोलाईवर. प्रोबायोटिकमधले जिवंत जिवाणू असोत की पोटातले, ते त्यात काही करू शकत नाहीत. पण म्हणून पोटाचा आणि डोळ्याचा काहीच संबंध नाही, असंही नाही. संबंध आहे, तो मुख्यतः डोळ्याच्या आतल्या सुजेशी.

या सुजेला डॉक्टर युव्हायटिस म्हणतात. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही, धूसर दिसतं. पुष्कळदा यात बाहेरचा जंतू नसतोच. आपलीच रोगप्रतिकारशक्ती डोळ्यावर उलटलेली असते. इथे संशोधकांना एक कोडं होतं. डोळ्याचा पडदा रक्तापासून एका अडसराने वेगळा राखलेला असतो. रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, शांत असताना तो अडसर ओलांडत नाहीत. त्याआधी कुणीतरी त्यांना चेतवावं लागतं. डोळ्यावर उलटणाऱ्या टी-पेशी ज्यांना ओळखून चेततात, ती पडद्यातली प्रथिनं तर अडसराच्या आत सुरक्षित. मग चेतवतं कोण?

अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटमध्ये रेचल कास्पी यांच्या गटाने २०१५ मध्ये उंदरांवर प्रयोग करून आतड्याकडे बोट दाखवलं. ज्या उंदरांना ही सूज आपोआप येते, त्यांच्या आतड्यातले जिवाणू अँटिबायोटिक देऊन कमी केले, तर आजार उशिरा आला आणि सौम्य राहिला. शिवाय आतड्यातल्या जिवाणूंच्या अर्काने त्या टी-पेशी चेतवून निरोगी उंदरांत सोडल्या, तेव्हा त्यांच्या डोळ्यांना सूज आली. (यावरून कुणी मेडिकलमधून स्वतःच अँटिबायोटिक आणू नये, ही विनंती.)

माणसांमध्येही पाहणी झाली आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१८ मध्ये युव्हायटिसच्या रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना केली. रुग्णांच्या आतड्यात सूज आटोक्यात ठेवणारे जिवाणू कमी आढळले. मात्र जिवाणू बदलले म्हणून आजार झाला, की आजारामुळे आणि औषधांमुळे जिवाणू बदलले, हे अशा तुलनेतून ठरत नाही. व्हिडिओवाले नेमकं हेच वाक्य गाळतात.

खाण्याचं म्हणाल तर, बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठाचा २०१७ मधला एक प्रयोग आम्हाला महत्त्वाचा वाटतो. रक्तातली साखर झपाट्याने वाढवणाऱ्या पिष्टावर ठेवलेल्या उंदरांच्या पडद्यावर म्हातारपणी होते तशी झीज दिसली. मध्यावर सावकाश पचणारं पिष्ट सुरू केलं, तेव्हा ती थांबली. आतड्यातल्या जिवाणूंमध्येही फरक पडला होता. हे उंदरांचं झालं, पण ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळ आणि पालेभाजी खायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. त्यातला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून तयार होणारी आम्लं आतड्याचं अस्तर धड ठेवतात. पालेभाजीतलं ल्युटिन नावाचं पिवळं रंगद्रव्य थेट पडद्यात जाऊन साठतं. ते तेलात विरघळणारं असल्याने भाजीला फोडणी हवीच. नुसती उकडलेली भाजी खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ताक-दही जरूर घ्या, पण जेवण म्हणून, डोळ्याचं औषध म्हणून नव्हे.

आम्ही दुकानात अशा कॅप्सूल ठेवत नाही आणि ठेवणारही नाही. डॉक्टरांनी डोळ्यात घालायला दिलेले थेंब कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. डोळा लाल होऊन ठणकत असेल, उजेड सोसत नसेल किंवा अचानक धूसर दिसू लागलं, तर आमच्याकडे नंबर तपासायला न येता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. संधिवात किंवा आतड्याचा जुना आजार असेल तर तेही त्यांना आठवणीने सांगा. काही प्रकारांत त्याच्यासोबत डोळ्यालाही सूज येते. मधुमेह असेल तर नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. त्यासाठी बाहुली मोठी करायचे थेंब घालतात आणि पुढचे काही तास धूसर दिसतं, म्हणून सोबत कुणाला तरी न्या. दुचाकी घरीच ठेवा.